शेकाच्या बटणाची कैफियत

“पाच पिना, आणि पाचांच्याही वायरी काळ्या! जोडणाऱ्याचं त्या दिवशी लग्न होतं वाटतं, सगळी घाईच घाई!”

हे बोलणारं तोंड माझ्यापासून चार बोटांवर होतं आणि उलटं होतं. माणूस गाडीत पाठीवर पडलेला, डोकं ब्रेकच्या पायट्यापाशी, पाय दाराबाहेर, आणि हनुवटीखाली दाबून धरलेली बॅटरी. बॅटरीचा उजेड माझ्या पाठीवर. माझी पाठ फारशा लोकांनी पाहिलेली नाही. त्या माणसाने पाहिली, आणि पाहिल्याबरोबर कुरकुर केली. मला तो तेव्हाच आवडला.

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. गाडीची सीट गरम करायचा. दोन बोटं रुंद, काळा. माझ्या तोंडावर खुर्चीचं चित्र आहे आणि तिच्यातून तीन नागमोडी रेघा वर निघाल्या आहेत. त्या उष्णतेच्या आहेत. एकदा एका गिऱ्हाइकाने “सीटला वास येतो अशी खूण कशाला केलीय?” असं विचारलं होतं. मी मनाला लावून घेतलं नाही. आयुष्यात मनाला लावून घेण्याजोगं पुढे बरंच यायचं होतं.

मी एका कारखान्यात तयार झालो. पांढऱ्या टोपीतल्या एका बाईने मला दहा वेळा दाबलं. दहाही वेळा माझा नारिंगी दिवा लागला. तिने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि पुढचा उचलला. माझं बालपण एवढंच.

मग मी एका महागड्या गाडीत बसलो आणि आठ वर्षं इमानाने नोकरी केली. ती कशी, हे तुम्हांला नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझ्या अंगात सीट तापवण्याची ताकद नाही. मी फक्त निरोप देतो. मला दाबलं की निरोप सीटखाली जातो, आणि तिथला रिले नावाचा डबा जाड वायरीतून गाडीच्या बॅटरीचा करंट सीटमधल्या गादीत सोडतो. गादी तापते. त्या गाडीत गादी तापायला लागली की उलटा निरोप माझ्याकडे यायचा, आणि मगच माझा दिवा लागायचा. म्हणजे माझा दिवा हा शब्द होता. खाली काम सुरू झालंय, असा दिलेला शब्द. आठ वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही.

त्या गाडीला मागून एका ट्रकने धडक दिली. मी पुढे होतो, मला ओरखडाही आला नाही. पण गाडी भंगारात गेली, आणि मी एका प्लॅस्टिकच्या टबात, काच वर-खाली करणाऱ्या बटणांच्या आणि तुटक्या आरशांच्या संगतीत जाऊन पडलो. टबात पडलेल्यांपाशी बोलायला एकच विषय असतो, पूर्वी आपण कुठे होतो. दोन हिवाळे मी तेच ऐकलं.

मग या कुरकुऱ्या माणसाने मला निवडून काढलं. तो गाड्यांची वायरिंग करायचा. वय पन्नाशीचं, कानावरचे केस पिकलेले, पण कारखान्यात त्याला हाक एकच होती, छोट्या. कारण हाक मारणारी त्याची थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा, वयाने तिच्यापेक्षा मोठी असली तरी.

कारखाना म्हणजे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी पत्र्याची शेड. डाव्या अंगाला छोट्याचं टेबल, वायरींची भेंडोळी, वास वायरींना कथलाचा डाग देण्याचा. उजव्या अंगाला ताईंचं मोठं शिलाई मशीन, रेक्झिनचे गठ्ठे, खडू, कात्र्या. ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत. आई-वडील गेल्यावर त्यांनी याच मशीनवर धाकट्या भावाला वाढवलं, वायरिंग शिकायला पाठवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहून गेलं. त्यावर कुणी बोललं की त्या म्हणत, “शिवण सरळ आली की मला नवरा घरी आल्याएवढा आनंद होतो. आणि शिवण घोरत नाही.”

छोट्याची बायको पावत्या, फोन आणि चहा सांभाळायची. ताई तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो.

आदल्या वर्षी ताई माळ्यावरून रेक्झिनचा गठ्ठा उतरवताना पाठीवर पडल्या होत्या. मणक्याला मार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, दर गुरुवारी येऊन व्यायाम करा, पाठ शेका. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, “पायांना किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी या. ऑपरेशन वेळेवर झालं तर पाय वाचतात. उशीर झाला तर माझ्या हातात काही उरत नाही.” तो कागद माझ्या शेजारच्या कप्प्यात, गाडीच्या कागदपत्रांवर ठेवलेला असे.

ऑपरेशन म्हणजे सहा महिने मशीन बंद. ताई ते एकदाच म्हणाल्या होत्या, पण अशा आवाजात म्हणाल्या की पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

दवाखाना तासाभराच्या रस्त्यावर, आणि थंडी कडाक्याची. म्हणून छोट्याने सीट गरम करायच्या गाद्या बाहेरून विकत आणल्या. त्यांच्यासोबत त्यांचं स्वतःचं एक गोल बटण आलं होतं. हिरवा दिवा, चकचकीत कडा. ताईंनी ते चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

“हे काय, मिक्सरचं?”

“ताई, चांगलं आहे ते. एक भोक पाडलं की बसलं.”

“माझ्या कव्हरावर कधी जोड दिसलाय कुणाला? आणि तू समोरच्या फळीला भोक पाडणार? लोक म्हणतील, बहीण कव्हरं शिवते आणि भाऊ ठिगळं लावतो. कंपनीतून आल्यासारखं दिसलं पाहिजे, छोट्या. नाहीतर मी आपली गरम पाण्याची पिशवी घेऊन बसेन.”

त्यांच्या गाडीत माझ्या मापाची एक जागा होती. स्वस्त मॉडेल, म्हणून कंपनीने तिथे कोरं झाकण लावलेलं. झाकण निघालं, मी बसलो. आणि तिथे छोट्या अडला. कंपनीच्या गाडीत गादीकडून येणारा उलटा निरोप इथे नव्हताच. बाहेरच्या गादीला तो पाठवता येत नाही.

“आता परतीची वायर कुठून आणू?” तो स्वतःशीच म्हणाला. “जाऊ दे. दिवा इथल्या इथेच लावून टाकतो.”

त्याने माझ्या एका पिनेवरून वायर घेतली आणि माझ्याच दुसऱ्या पिनेला दिली. म्हणजे मला दाबलं की माझा दिवा लागणार. खाली काय झालं, काही झालं की नाही, याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. मित्रांनो, माझ्या शब्दाची किंमत त्या दिवशी अशी एका वीतभर वायरीने गेली. वायर जोडणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. तो बहिणीला खूश करत होता.

रिले त्याने नीट बसवला, फ्यूज घातला, गादी पसरली, मला दाबलं आणि गादीवर तळहात ठेवून पाहिलं. तापली. “झकास,” तो म्हणाला, आणि पुढचं काम ताईंवर सोपवलं.

ताई कव्हर चढवायला लागल्या. कव्हर घट्ट, सुरकुती नाही. पण मागच्या कोपऱ्यात प्लगचा टेंगूळ आला. “हे गाठोडं मध्येच कुठून आलं?” असं पुटपुटत त्यांनी हात खाली घातला, प्लग सोडला, वायर दुसऱ्या फटीतून ओढून घेतली आणि प्लग पुन्हा जोडला. त्यांना तरी तसं वाटलं. असा प्लग पूर्ण बसला की टिक् वाजतो. ते छोट्याच्या कानाला ठाऊक, ताईंच्या नाही. आणि छोट्या ताईंच्या कामात हात घालत नसे, जशा त्या त्याच्या. तीस वर्षं एका छपराखाली भांडण न होण्याचं कारण तेच होतं.

मग उद्घाटन.

“तू बस आधी,” ताई म्हणाल्या.

“कव्हर तुझं, पाठ तुझी. तूच बस.”

ताई काठी बाहेर टेकवून बसल्या. छोट्याने मला दाबलं. सीटखाली रिले टक् वाजला, माझा दिवा लागला. तिघेही माझ्याकडे पाहत राहिले. सीटकडे कुणीही पाहिलं नाही. दोन मिनिटं गेली.

“काय गं?” छोट्याने विचारलं.

ताईंनी माझ्या दिव्याकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे. “अगं बाई! इस्त्री फिरवल्यासारखं वाटतंय की!”

वहिनींनी टाळी वाजवली. “अहो, अगदी कंपनीचं वाटतंय!”

मी फुगलो. खोटं कशाला सांगू? टबातल्या दोन हिवाळ्यांनंतर कुणीतरी मला कंपनीचं म्हटलं होतं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला छोट्या गाडीचं दार उघडून मला दाखवायचा. “ओळखा, काय मागून बसवलंय?” कुणालाही ओळखता यायचं नाही. दर गुरुवारी तेच व्हायचं. “लावलंस का रे?” “लावलं.” “वा, छान शेक बसतोय.” आणि मी आपला नारिंगी उजेड पाडत ताठ बसायचो.

एक मात्र मला खटकायचं. गाडी शेडमध्ये मशीनसमोर उभी असे, त्यामुळे काचेतून मला ताईंचं काम दिसायचं. त्यांचं मशीन विजेचं, पायाने पायटा दाबला की चालणारं. हल्ली शिवण संपली तरी सुई धावतच राहायची. ताई खाली वाकून पायाकडे पाहायच्या, हाताने गुडघा उचलून पाय बाजूला घ्यायच्या, आणि मग मोठ्याने म्हणायच्या, “हा दोरा एकदम भिकार निघाला!” त्या जेवायला गेल्या की छोट्या मुकाट्याने ती वाकडी शिवण उसवायचा आणि स्वतः घालायचा. त्याची सरळ येत नसे. परत आल्यावर ताई ती पाहायच्या, काही बोलायच्या नाहीत. दोऱ्याला मात्र रोज शिव्या.

चौथ्या गुरुवारी ताई आणि वहिनी दवाखान्यात होत्या. छोट्या गाडीत वाट पाहत बसला होता. त्याची स्वतःची कंबर धरली होती म्हणून तो ताईंच्या सीटवर सरकला आणि त्याने मला दाबलं. दिवा लागला. तो मान मागे टाकून बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग त्याने मांडीखाली हात घातला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा हात घातला.

तो उतरला, वाकला, सीटखाली चाचपू लागला. प्लग अर्धवट लोंबत होता. त्याच्या पिनांवर धूळ बसली होती, बोटाने रेघ उमटेल एवढी.

“सापडला चोर!” तो आनंदाने म्हणाला. प्लग दाबला. टिक्. सीट तापायला लागली, त्याने तळहात ठेवला, हसला. आणि हसू अर्ध्यावर थांबलं.

मलाही तेव्हाच कळलं, मित्रांनो. तोपर्यंत मीही खरंच समजत होतो की मी काम करतोय. चार गुरुवार ती सीट दगडासारखी गार होती. आणि चारही गुरुवार ताई तिच्यावर बसून “छान शेक बसतोय” म्हणाल्या होत्या.

छोट्याने कप्पा उघडला आणि डॉक्टरांचा कागद वाचला. गाद्यांसोबत आलेला पिवळा कागदही वाचला. त्यावर लिहिलं होतं, ज्यांना स्पर्श कळत नाही त्यांनी या सीटवर बसू नये, कातडी भाजेल तरी कळणार नाही. दोन्ही कागद घडी करून त्याने आत ठेवले. मग पुन्हा वाकला आणि त्याने प्लग काढून टाकला. हाताने, नीट, पुरता.

दुरून ताई येताना दिसल्या, एक हात काठीवर, एक वहिनींच्या खांद्यावर. मला वाटलं, आता हा बोलेल. त्याने दार उघडलं, ताईंना बसवलं, पट्टा लावला.

“लावलंस का रे?”

त्याने मला दाबलं. “लावलं.”

“वा,” ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तोवर मी नकळत खोटं बोललो होतो. त्या क्षणापासून माझ्याकडून ते ठरवून बोलवून घेतलं गेलं. टबातली तुटकी बटणं माझ्यापेक्षा प्रामाणिक होती. ती निदान लागत तरी नव्हती. आणि राग तरी कुणावर काढू? ज्या बहिणीच्या मशीनवर आपण वाढलो, ते मशीन बंद करायला लावणारा शब्द आपल्या तोंडून निघू नये, एवढंच त्याला वाटत होतं. पुढच्या गुरुवारी डॉक्टरच विचारतील, तेव्हा आपोआप कळेल, असं तो मनात म्हणत असणार. डॉक्टरांनी विचारलंही. वहिनींनीच गाडीत सांगितलं, “आज पायांचं विचारत होते. ताई म्हणाल्या, सगळं व्यवस्थित.”

मग वहिनींनाही कळलं. एकदा ताईंना घरी ठेवून दोघं बाजारात निघाली होती.

“अहो, ही सीट गारच आहे.”

“असू दे.”

“पण ताई तर म्हणतात...”

“असू दे म्हटलं ना!”

वहिनींनी स्वेटरच्या बाहीने डोळे टिपले आणि म्हणाल्या, “भाजी कोणती घ्यायची?” त्यानंतर शेडमध्ये तिघं तीन बाजूंना काम करत आणि हवेवर, दोऱ्यावर, गिऱ्हाइकांच्या हट्टांवर भरपूर बोलत. इतकं बोलणं त्या शेडने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तुझ्यासारख्या चिमुकल्या स्विचने काय करायचं होतं? मी एकदा जळायचा प्रयत्न केला. खरंच. पण माझ्यातून करंट तो केवढासा जातो, त्यावर मुंगीही भाजणार नाही. मी लागत राहिलो. म्हणून आज तुमच्यापाशी हात जोडतो, मला हात नसले तरी. मित्रांनो, आपल्या माणसाने “बरं आहे” म्हटलं की त्याच्या तोंडाकडे आणि लागलेल्या दिव्याकडे पाहून निघून जाऊ नका. हात लावून बघा. गार असेल तर गार म्हणा, त्याच दिवशी म्हणा. दिवा लावणं फार सोपं असतं. वीतभर वायर पुरते.

आता आठव्या गुरुवारचं सांगतो, म्हणजे माझं सांगून झालं.

त्या दिवशी छोट्याने गाडी शेडबाहेर काढली आणि ताई शेडमधून तिच्यापर्यंत चालत आल्या. त्यांच्या मागे वहिनी होत्या, आणि वहिनींची नजर जमिनीवर होती. शेडच्या दारापासून गाडीपर्यंत लाल ठिपके पडले होते, एका रेषेत, ताईंच्या शिवणीपेक्षा सरळ. वहिनी मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी आरशात नवऱ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

छोट्याने किल्ली फिरवली आणि सवयीने मला दाबलं.

“लावलंस?”

“लावलं.”

“वा. आज तर लवकरच तापली की.”

तेव्हा त्याचं लक्ष खाली गेलं. ताईंच्या पायाखालच्या मॅटवर रक्त साचलं होतं. कव्हर फ्रेमला आवळायची ती टोकदार लोखंडी कडी असते ना, ती पातळ सपातेतून आरपार जाऊन त्यांच्या तळव्यात रुतली होती. राखाडी पायमोजा अर्धा लाल झाला होता. ताई समोरच्या काचेतून बाहेर पाहत होत्या, पट्टा सारखा करत होत्या.

छोट्याने मला पुन्हा दाबलं. माझा दिवा गेला.

“अरे, बंद का केलंस? पाठीला बरं वाटत होतं.”

“ताई, ही सीट गार आहे.”

“आत्ता बंद केलीस म्हणून.”

“चालू होती तेव्हाही गार होती. खालचा प्लग पहिल्या दिवसापासून सुटलेला होता. मला चार आठवडे ठाऊक आहे. मी जोडला आणि पुन्हा काढला.”

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. “मग हा दिवा?”

“तो मी इथल्या इथेच जोडलाय. त्याला खालचं काही कळत नाही.”

“मलाही ठाऊक होतं, ताई,” मागून वहिनी म्हणाल्या.

“पायाकडे बघ, ताई,” छोट्या म्हणाला. “तुझ्या पायाकडे बघ.”

ताई वाकल्या. सपात, पायमोजा, कडी. त्यांनी कडीला बोट लावलं आणि ती किंचित हलवून पाहिली, दुसऱ्या कुणाच्या कव्हरातला टाका तपासावा तशी. मग सरळ झाल्या आणि भावाकडे न पाहता, समोर पाहत म्हणाल्या,

“छोट्या, हे दुखत नाहीये. उद्घाटनाच्या दिवशीही मला काही कळलं नव्हतं. बसते तिथपासून खाली मला काहीच कळत नाही.”